कोरण्याआधी

माझ्या दवाखान्यात एकाच दुखण्याची तक्रार तीन भाषांत येते. मराठी माणूस म्हणतो, "दाताला कीड लागलीय." अक्कलकोटकडून आलेली आजी कानडीत "हुळुकु हल्लु" म्हणते, त्यातला "हुळु" म्हणजे पुन्हा किडाच. शहराच्या पूर्व भागातली पद्मशाली बाई तेलुगूत म्हणते, "पिप्पि पन्नु." पिप्पि म्हणजे रस काढून घेतल्यावर मागे राहिलेला चोथा. उसाच्या चिपाडालाही तेलुगूत हाच शब्द आहे. सोलापुरात दात बघण्यात तीस वर्षं गेली, हे तिन्ही शब्द रोज कानावर पडले. पण या पुस्तकाचं हस्तलिखित हातात येईपर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं की तिघांपैकी रोगाचं बरोबर वर्णन फक्त तेलुगू बाईच करते.

किडलेल्या दातात किडा नसतो. दाताचं वरचं कवच म्हणजे इनॅमल. त्यातून कॅल्शियम आणि फॉस्फेट हळूहळू विरघळून निघून जातात आणि मागे सच्छिद्र, भुसभुशीत सांगाडा उरतो. रस गेलेला ऊस. ही झीज वेळेवर ओळखली, तर गेलेला रस बऱ्याच अंशी परत भरता येतो किंवा निदान आहे तिथे थांबवता येतो, आणि तेही दाताला मशीन न लावता. पुस्तकाचा विषय हा आहे. प्रस्तावना लिहायला मी आनंदाने तयार झालो त्याचं कारण मात्र आनंदाचं नाही. या पुस्तकात जे करू नका म्हणून सांगितलंय, ते मी निम्मं आयुष्य करत आलो.

"कीड" हा शब्द फार जुना आणि चिवट. सुश्रुतसंहितेत दंतरोगांमध्ये कृमिदंत आहे, बाबिलोनियाच्या मातीच्या पाट्यांवर दातातल्या किड्याचा मंत्र कोरलेला आहे. आपल्याकडे परवापरवापर्यंत भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून त्यांचा धूर नळीने दाढेपाशी घेत, आणि खाली ठेवलेल्या पाण्यात पडलेले पांढरे "किडे" रोग्याला दाखवत. ते बियांतून सुटलेले अंकुर असत. पण बघणाऱ्याला पटत असे, कारण त्याने किडा डोळ्यांनी पाहिलेला असे. आणि एकदा कीड म्हटली की पुढचं ठरलेलंच. धान्य निवडून टाकायचं, फांदी छाटायची, दात कोरायचा. विलबी मिलर या अमेरिकन संशोधकाने बर्लिनमध्ये बसून १८९० च्या सुमारास मांडलं की तोंडातले जंतू साखरेचं आणि पिठूळ पदार्थांचं आम्ल करतात आणि ते आम्ल दात विरघळवतं. डॉक्टरांच्या डोक्यातला किडा तेव्हा मेला. हात मात्र पुढची शंभर वर्षं किडा काढणाऱ्याचेच राहिले.

त्या हातांवर सगळ्यात मोठा संस्कार शिकागोच्या ग्रीन वार्डिमन ब्लॅक यांचा (१८३६–१९१५). दात कसा कोरावा आणि कसा भरावा याचं शास्त्र त्यांनी घालून दिलं, आणि १९०८ साली निघालेला त्यांचा ग्रंथ जगभरच्या दंतमहाविद्यालयांत पोथीसारखा चालला. त्यांचं एक सूत्र होतं: प्रतिबंधासाठी विस्तार. कीड एवढीशी असली तरी तिच्या आजूबाजूच्या निरोगी चिरासुद्धा कोरून घ्यायच्या, म्हणजे पुन्हा तिथे कीड लागायला जागाच उरणार नाही. आज हे ऐकून आपण दचकतो, पण त्या काळात त्याला अर्थ होता. भरायला होती ती पाऱ्याची चांदी. ती दाताला चिकटत नाही, खाचेत अडकून बसते, म्हणून खाच खोल आणि बाजूंना पसरलेली हवी. फ्लोराइड माहीत नव्हतं. आणि हेच ब्लॅक दुधाच्या दातांच्या किडीला सिल्व्हर नायट्रेट लावून ती थांबवण्याबद्दलही लिहून गेले होते. दंतवैद्यक दुरुस्तीकडून प्रतिबंधाकडे जाईल अशी त्यांची खात्री होती. शिष्यांनी विस्तार उचलला, प्रतिबंध ठेवून दिला.

१९५७ मध्ये हवेवर फिरणारं टर्बाइन बाजारात आलं, मिनिटाला तीन लाख फेरे घेणारं. आम्ही त्याला एअरोटर म्हणतो, रोगी नुसतं "मशीन" म्हणतात. ज्या कामाला आधी पाय दुखेपर्यंत पॅडल मारावं लागे, ते लोण्यातून सुरी फिरावी तसं होऊ लागलं. हत्यार इतकं सोपं झालं की हात थांबेना.

माझीच दाढ सांगतो. तेराव्या वर्षी एका डॉक्टरांनी माझ्या खालच्या दाढेच्या चिरांत दोन काळ्या रेघा पाहिल्या. दुखत नव्हतं, खड्डा नव्हता. त्यांनी शिकवल्याप्रमाणे कोरून चांदी भरली. अकरा वर्षांनी चांदीच्या कडेला फट पडली. जुनी काढून मोठी भरली. पुढे एक भिंत तुटली, मग रूट कॅनाल, मग कॅप. बावन्नाव्या वर्षी दाढ उभी चिरली आणि काढावी लागली. या साखळीतल्या एकाही डॉक्टरने चूक केली नाही. प्रत्येकाने आपापल्या वर्गात शिकवलेलं नीट केलं. पण पहिल्या दिवशी त्या दोन काळ्या रेघांना हात लावला नसता, तर ती दाढ कदाचित आजही माझ्या तोंडात असती. कारण काळी, कडक, चकचकीत रेघ बहुतेक वेळा थांबलेल्या किडीची असते. लढाई संपलेली असते, आपण उगाच तोफा लावतो.

चालू कीड वेगळी दिसते. ती काळी नसते, पांढरी असते. हे वाक्य वाचून शंभरातले नव्वद पालक चमकतील, म्हणून पुस्तकातलं त्यावरचं प्रकरण मी दोनदा वाचलं. हिरडीच्या कडेलगत खडूसारखा, निस्तेज पांढरा पट्टा: ही पहिली खूण. ओल्या दातावर तो लपतो, दात पुसून कोरडा केला की दिसतो. पंच्यांच्या गावात याचं कारण समजावून सांगायला अडचण येऊ नये. ओला पंचा अंगाला चिकटला की आरपार दिसतो, वाळला की पांढराशुभ्र, कारण धाग्यांमधल्या फटींत पाण्याच्या जागी हवा शिरते आणि उजेड विखुरतो. झिजलेल्या इनॅमलमध्येही तशाच सूक्ष्म फटी पडलेल्या असतात. गंमत अशी की सगळ्यात वरचा पापुद्रा तोवर बराचसा शाबूत असतो; पोकळी त्याच्या खाली असते. आम्ही विद्यार्थी होतो तेव्हा टोकदार सळईने टोचून "अडकते का" हे बघायला शिकवत. टोचलं की तो पापुद्रा फुटायचा, सळई अडकायची, आणि आम्ही वहीत लिहायचो: कीड आहे. ती आम्हीच केलेली असायची.

(पांढरा डाग म्हणजे प्रत्येक वेळी कीडच असंही नाही. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या मुलांच्या दातांवर आडवे पांढरे-तपकिरी पट्टे असतात. ते दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दातांवर सारखे येतात. ती वेगळी कथा.)

पापुद्र्याखालचा रस परत कसा येतो? थुंकीतून. लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळलेलं असतं, आणि दात आणि लाळ यांच्यात दिवसभर देवाणघेवाण चालू असते. तोंडाचा पीएच साडेपाचच्या खाली गेला, म्हणजे आम्लता वाढली, की दात देतो, वर आला की घेतो. गोड खाल्ल्यावर काही मिनिटांत तो खाली जातो आणि पूर्ववत व्हायला अर्धा ते एक तास लागतो. मधल्या काळात पुन्हा काही तोंडात टाकलं, तर घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू. रात्री झोपेत लाळ जवळजवळ आटते, म्हणून रात्रीचं गोड सगळ्यात महाग पडतं. फ्लोराइड या व्यवहारात दाताच्या बाजूने उभं राहतं: परत भरणारा खनिजाचा थर आधीपेक्षा जास्त आम्ल सोसणारा होतो.

म्हणजे प्रश्न किती साखर खाल्ली एवढाच नाही, किती वेळा खाल्ली हा आहे. हे ज्या प्रयोगातून स्पष्ट झालं त्याची हकीकत सुखाची नाही. स्वीडनमध्ये लुंडजवळच्या विपेहोल्म या संस्थेत १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून काही वर्षं मतिमंद रुग्णांना मुद्दाम साखर दिली गेली: काहींना जेवणात, काहींना मधल्या वेळी चिकट टॉफीच्या रूपात. जेवणातल्या साखरेने कीड फारशी वाढली नाही. टॉफीवाल्यांचे दात उद्ध्वस्त झाले. त्या माणसांना कोणी विचारलं नव्हतं. आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही, आणि तरी आम्ही रोज पालकांना देतो त्या सल्ल्याच्या मुळाशी त्यांचे दात आहेत.

सोलापूर जिल्ह्यात हा सल्ला देताना जीभ जरा अडखळते. राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने असलेला हा जिल्हा. शहरात एका पेठेचं नावच साखर पेठ. उसावर ज्यांचं घर चालतं त्यांना साखरेविरुद्ध भाषण देण्यात मला रस नाही आणि त्याची गरजही नाही. गड्ड्याच्या यात्रेत पोराने रेवड्या खाल्ल्या, पाडव्याला साखरगाठी चघळली, संक्रांतीला हलवा खाल्ला, याने दात जात नाहीत. दात जातात ते टपरीवर लोंबणाऱ्या पाच रुपयांच्या पाकिटांनी, दिवसातून सात वेळा. चहात बुडवलेल्या बिस्किटाचा लगदा दाढांत तासभर बसतो त्याने. आणि साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपी जाणाऱ्या बाळाचे वरचे पुढचे चार दात तर दीड-दोन वर्षांतच विरघळतात. मी पूर्वी अशा आयांवर चिडायचो. मग कुंभारीकडच्या विडी कामगारांच्या वसाहतीतून येणाऱ्या बायकांशी बोलत गेलो. हजार विड्यांवर मजुरी. मांडीवर सूप, शेजारी रडणारं पोर. त्याच्या तोंडात काहीतरी देऊन ते गप्प होत असेल, तर देणारच. तिला दोष देण्याऐवजी त्या बाटलीत साखर न घालता कसं चालेल हे तिच्या सासूला समजावणं जास्त उपयोगी पडतं, असा माझा अनुभव. पुस्तकात सासूसाठी वेगळं पान आहे, ते मला फार आवडलं.

आता उपचार. लेखिकेने ते सविस्तर दिले आहेत, मी धावती ओळख करून देतो. पांढऱ्या डागाला फ्लोराइडचं वार्निश: ब्रशने लावायचं, दोन मिनिटांचं काम, वर्षातून दोन-चार वेळा. घरी फ्लोराइडची पेस्ट. आपल्याकडे कायद्याने तिच्यात दहा लाख भागांत एक हजार भागांपर्यंत फ्लोराइड चालतं, पण कित्येक "आयुर्वेदिक" पेस्टमध्ये ते नसतंच, म्हणून ट्यूबची मागची बाजू वाचावी. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, मोठ्याला वाटाण्याएवढी, आणि घासून झाल्यावर थुंकायचं, खळखळून चूळ भरायची नाही. लागलेलं औषध आपण स्वतःच धुऊन टाकतो. दाढांच्या खोल चिरा असतील तर त्यांवर सीलंटचा पातळ लेप. १९५५ मध्ये मायकेल बुओनोकोर यांनी आम्लाने इनॅमल किंचित खरखरीत करून त्यावर राळ चिकटते हे दाखवलं, त्याचं हे फळ. इथे एक सूचना, कारण ही चूक घरोघर होते. सहाव्या वर्षी येणारी पहिली कायमची दाढ एकही दुधाचा दात न पडता, सगळ्यांच्या मागे गुपचूप उगवते. पालक तिला दुधाचीच समजतात, "पडणारच आहे" म्हणतात, आणि नऊ-दहाव्या वर्षी ती पोखरलेली घेऊन येतात.

जर्मनीतून २००९ च्या सुमारास आलेली राळ जिरवण्याची पद्धतही पुस्तकात आहे. पांढऱ्या डागाच्या फटींत पातळ राळ शोषली जाते आणि डाग दिसेनासा होतो. पंच्याचं पाणी पुन्हा आत शिरावं तसं. सुंदर आहे, महाग आहे. त्यावर लेखिकेने दिलेली पानं मला जास्त वाटली. तिने ती कमी करून हाताने कोरण्याच्या पद्धतीला द्यायला हवी होती.

त्या पद्धतीचा जन्म १९८० च्या दशकात टांझानियात झाला. यो फ्रेंकेन या डच दंतवैद्याने पाहिलं की जिथे वीज नाही, खुर्ची नाही, तिथे किडलेला दात म्हणजे उपटलेला दात एवढाच हिशेब असतो. त्याने मशीन बाजूला ठेवलं, चमच्यासारख्या हत्याराने मऊ झालेला भाग खरवडला आणि वर सिमेंट दाबून बसवलं; पुढे त्यासाठी ग्लास आयोनोमर वापरात आलं. हे सिमेंट लंडनच्या सरकारी रसायनशाळेत अॅलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी केलं, १९७२ मध्ये जाहीर झालं. ते दाताला आपलं आपण चिकटतं आणि थोडं थोडं फ्लोराइड सोडत राहतं. चिकटतं, म्हणून ब्लॅकची खोल खाच नको. चादरीला विरळ पट्टा पडला तर रफू करायचं. कात्रीने चौकोन कापून ठिगळ लावायचं नाही. १९९४ चा जागतिक आरोग्य दिन मौखिक आरोग्याला वाहिलेला होता, त्या वेळी जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत उचलून धरली. बहुतेक वेळा भूलसुद्धा लागत नाही. नसेच्या अगदी जवळचा थोडा मऊ थर तसाच ठेवून वरून घट्ट बंद केला तरी चालतं, जंतूंचा दाणापाणी तुटतो, हेही आता सर्वमान्य झालंय. माझ्या पिढीला ते पचवायला वेळ लागला. कीड आत ठेवून वर सिमेंट? हात थरथरायचा.

सांगोला-मंगळवेढ्याकडच्या शाळेत बाकावर झोपवून हे काम होऊ शकतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघरला झाली. त्याच्या फिरत्या पथकांनी अंगणवाडीतली मुलं वर्षातून दोनदा आणि शाळेतली एकदा तपासायची असतात, आणि तपासणीच्या यादीत दातही आहेत. तपासणी होते, चिठ्ठी मिळते. चिठ्ठी घेऊन तालुक्याला जायचं तर आईचा रोज बुडतो, म्हणून चिठ्ठी फडताळात पडून राहते आणि पोर गाल सुजल्यावर येतं. २००२-०३ च्या राष्ट्रीय पाहणीत पाच आणि बारा वर्षांच्या सुमारे निम्म्या मुलांना कीड आढळली होती. इतक्या मुलांना खुर्चीत बसवायला खुर्च्या कुठून आणणार? पथकाच्याच पेटीत वार्निशची बाटली ठेवावी, असं माझं मत आहे.

आमच्या धंद्याचीही एक अडचण आहे, ती झाकून उपयोग नाही. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, आमचं भरतं. दाढ भरली की पैसे मिळतात. "हा डाग मी सहा महिने नुसता बघणार आहे" असं म्हटलं, तर रोगी विचारतो, "मग फी कशाची?" आणि शेजारच्या गल्लीत जाऊन दाढ भरून येतो. थांबण्याचे पैसे द्यायची सवय समाजाला नाही, आणि घ्यायची आम्हाला नाही.

दुसऱ्या टोकाचाही धोका सांगतो. हे पुस्तक वाचून कोणी खड्डा पडलेली दाढ पेस्ट चोळून भरून येण्याची वाट बघू नये. पापुद्रा फुटून खड्डा झाला की तो आपोआप बुजत नाही. रात्री झोपेतून उठवणारा ठणका सुरू झाला, की नस गेलेली असते. मग रूट कॅनाल किंवा काढणं, तिसरं काही नाही. सौम्य उपचार हा लवकर येणाऱ्याचा हक्क आहे.

राहिलं काळं औषध. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड जपानमध्ये, ओसाकाला तयार झालं आणि १९७० पासून तिथे वापरात आहे. अमेरिकेने ते २०१४ मध्ये येऊ दिलं, आणि २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ग्लास आयोनोमर आणि फ्लोराइड पेस्ट यांच्याबरोबर त्याला आवश्यक औषधांच्या यादीत बसवलं. दात पुसायचा, एक थेंब मिनिटभर लावायचा. चांदी जंतू मारते, फ्लोराइड उरलेला सांगाडा कडक करतं. रडणाऱ्या दोन वर्षांच्या पोराला यासारखा उपचार नाही. एकच खोट: किडलेला भाग कायमचा काळा कुळकुळीत होतो. शहरातले पालक इथेच अडतात. पुढचे दात काळे? पोर हसणार कसं?

आपल्याकडे सवाष्णी एके काळी दातवण लावून दात मुद्दाम काळे करत. जपानातही बायका लोखंड आणि टॅनिनचं मिश्रण लावून तेच करत, त्याला ओहागुरो म्हणत. पांढरेशुभ्र दात हीच शोभा, हे फार अलीकडचं.

मागच्या पावसाळ्यात एक विडी कामगार आजी तीन वर्षांच्या नातीला घेऊन आली. वरचे चारही दात हिरडीपासून पोखरलेले. मी औषधाची माहिती दिली, काळे झालेल्या दातांचा फोटो दाखवला आणि नेहमीप्रमाणे म्हणालो, घरी विचारून सांगा. आजीने फोटो लांब धरून बघितला, मग माझ्याकडे बघून हसली. पन्नास वर्षांच्या मिश्रीने तिचे दात कडेपर्यंत काळे झालेले होते.

"माझं बघून कोण घाबरलंय का ओ डॉक्टर?" ती म्हणाली. "लावा की. पोरगी जेवली पाहिजे."